एवढी लढाई जाऊ दे

“तिले काय विचारायचं, दादा? ती काय बोलनार हाय?”

काका बाबांना म्हणाले. मी पडद्याआड पाण्याचे पेले भरत होते. पुण्याच्या नोकरीचं पत्र येऊन चार दिवस झाले होते आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं. बाबांचं एकच: “एवढा उन्हाळा जाऊ दे, मग पाहू.” मी गप्प होते. आमच्या घरात गप्प म्हणजे कबूल, असं धरतात.

त्या रविवारी बोरसीहून आत्या जेवायला आली होती. ती आली की जेवणानंतर तिची वही निघते. चौदा वर्षांची असताना, एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत, तिनं इथे भिलाईत रोज थोडं थोडं लिहिलेली. बाबा तेव्हा पाळण्यात होते, काका जन्मलेही नव्हते. आमच्या घराला ती लढाई ठाऊक आहे ती एवढ्या वहीपुरतीच. वाचायचं काम माझं.

“चला, इंग्लिश शाळेवालीची मराठी ऐका आता,” काका म्हणाले.

मी वाचलं. भोंगा वाजला की दिवे बंद. खिडक्यांना काळा कागद. अंधारात आजोबा एक जोडा आपला आणि एक शेजाऱ्याचा घालून ड्यूटीवर गेले. सगळे हसले, आत्याही हसली. मग घरचं आवडतं वाक्य: “प्लांटवाले भट्टीतला गरम मळ, स्लॅग, ओततात तवा सारं आभाळ लाल होते. मग आमच्याच खिडकीले काळा कागद कावून?” हे काकांना पाठ आहे. तेही माझ्यासोबत म्हणाले.

इथे वही मिटायची, अशी रीत.

पण मागच्या खेपेला आत्या वही इथेच ठेवून गेली होती आणि पुढचं पान मी गुरुवारी एकटीनं वाचलं होतं. आमच्या एकुलत्या खिडकीत आता कूलर बसवलाय. त्याच्या कडेनं बोटभर उजेड येतो, बाहेरचं काही दिसत नाही. गुरुवारची दुपार मी त्या उजेडाकडे बघत काढली होती.

मी पान उलटलं.

“लढाई सरून महिना झाला. कागद काढले. बाबाले म्हटलं, आता शाळेत जाऊ? आधी म्हणत, एवढी लढाई जाऊ दे. आता म्हणतात, धाकटा चालाले लागू दे, त्याले कोन पाहीन?”

त्यानंतरची पानं कोरी आहेत. आत्या पुन्हा शाळेत गेलीच नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. कशामुळे, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

“हे कुठून काढलं वो?” काका म्हणाले.

“तेथचंच हाय,” आत्या म्हणाली. “तुमी पान पलटवत नव्हते.”

बाबा, म्हणजे तो धाकटा, कूलरकडे बघत राहिले. मग सवयीनंच बोलू लागले, “बेटा, एवढा उन्हाळा...” आणि थांबले. आत्या माझ्याकडे बघत होती. वही परत घ्यायला तिनं हात पुढे केला नाही.

मी बाबांकडे वळले.

“बाबा, मी उन्हाळा नाही थांबनार. मले पुण्याले जायचं हाय. उद्या मी हो म्हणून कळवून राहिली.”