सिस्टर ओढेनात

"सिस्टर, ओढा!" डॉक्टर ओरडले.

माझी आय ओढेना. तिनं दोन्ही हात छातीशी जोडले आणि पुटपुटायला लागली. मी टेबलाच्या बाजूला उभी होते, शिकाऊ नर्स, दुसरं वर्ष. मला वाटलं, संपलं. बाळ जाणार आणि पाठोपाठ आम्हा दोघींची नोकरी.

ही वेळ कशी आली ते आधी सांगते.

परळला एक लहानसं मॅटर्निटी होम होतं. आय तिथं लेबर रूमची सिस्टर. आम्ही गिरगावातल्या वाडीत राहणारे ईस्ट इंडियन, म्हणजे मूळ मुंबईचेच ख्रिस्ती. घरी ती आय, ड्युटीवर सिस्टर. एकदा वॉर्डात माझ्या तोंडून "आय" निघून गेलं, तर तिनं मला सगळ्या वॉर्डाची बेडपॅन घासायला लावली. रोज पहाटे चर्चमध्ये मिस, म्हणजे सकाळची उपासना, मग आम्हा तिघा भावंडांचे डबे, मग ड्युटी. वडील लवकर गेले होते. ती थकल्याचं मी कधी ऐकलं नाही, बघितलं मात्र रोज.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. आदल्या दिवशी गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली. आम्ही दोघी हॉस्पिटलातच अडकलो. धाकटी दोघं वाडीत शेजारणीकडे. ऑनररी, म्हणजे बाहेरून येऊन पेशंट बघणारे मोठे डॉक्टर, त्यांच्या घरी अडकले. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा पत्ताच नव्हता. म्हणजे सिझेरियनचा प्रश्नच मिटला. उरले आमचे हाऊसमन, म्हणजे हॉस्पिटलातच राहणारे शिकाऊ डॉक्टर, तीन महिन्यांपूर्वी लागलेले. हुशार होते, पण पायाळू बाळंतपण त्यांनी फक्त पुस्तकात बघितलं होतं.

आणि नेमकी त्याच सकाळी सुमन आली. लालबागच्या चाळीतली, नवरा गिरणीत. तिला आणायला चाळीतल्या चौघांनी पोलिसांशी हुज्जत घातली होती. आयनं पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "डोकं वर आहे."

सुमननं माझं मनगट घट्ट धरलं. "सिस्टर, ओढू नका हो. मागच्या टायमाला गावी सुइणीनं पाय धरून ओढलं. डोकं अडकलं. माझं बाळ गेलं."

"नाही ओढणार," आय म्हणाली. बस, एवढंच.

आता यातली मेख समजून घ्या. बाळाचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे डोकं. पायाळू बाळात ते शेवटी येतं. ओढलं की बाळाचे हात वर जातात, हनुवटी उचलली जाते आणि डोकं आतच अडकतं. न ओढता सोडलं तर बाळ स्वतःच्या वजनानं खाली येतं. मानेवरचे केस दिसेपर्यंत थांबायचं. ऐकायला किती सोपं! पण बेंबी बाहेर आली की नाळ दाबली जायला लागते. हाताशी मोजकी मिनिटं. समोर बाळ निळं पडतंय आणि तुम्ही नुसतं उभं राहायचं. भल्याभल्यांचे हात आपोआप पुढे जातात.

माझेही गेले. आयनं कोपरानं ढकलले.

कुल्ले आले, पाय आले, पोट आलं. आयनं गरम टॉवेल गुंडाळला. एकेक करून दोन्ही हात सुटले. आता फक्त डोकं आत. डॉक्टर पुन्हा ओरडले.

"सिस्टर, ओढा म्हणतोय ना! ही ऑर्डर आहे!"

"रिपोर्ट करा माझा. नंतर."

"अहो, ही प्रार्थनेची वेळ आहे का?"

आयचं नमो मारिया चालूच होतं, ना हळू ना भरभर, घरी माळ घेऊन बसल्यावर चालायचं तसं. एक झालं. दुसरं सुरू झालं. मला तिचा इतका राग आला होता की काय सांगू. टॉवेलातलं ते इवलंसं अंग लोंबत होतं आणि ही बाई डोळे रोखून नुसती बघत होती.

"केस दिसले," ती एकदम म्हणाली. "पोरी, ओटीपोटावर हात ठेव. दाब. हळू."

ड्युटीवर ती मला पहिल्यांदाच पोरी म्हणाली. मी दाबलं. तिनं बाळाचे घोटे धरले आणि कमान काढावी तसं अंग सावकाश वर उचललं. हनुवटी आली, तोंड आलं, नाक आलं. मग कपाळ, अगदी बेताबेतानं. डोकं सुटलं!

बाळ मुलगी होती आणि रडत नव्हती. आयनं रबरी नळी घशात सरकवली, दुसरं टोक स्वतःच्या तोंडात धरून चिकटा ओढून काढला. पाठ चोळली. पुन्हा चोळली. आणि मग पोरीनं असा काही टाहो फोडला की बाहेरच्या बाकावरून सुमनची सासू ओरडली, "रडलां गो! चेडू रडलां!" सुमन हसत होती की रडत होती ते तिलाच ठाऊक. डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. मी तर सगळी शिस्त विसरून "आय!" म्हणून तिच्या गळ्यात पडले. त्या दिवशी बेडपॅन घासावी लागली नाहीत.

हात धुताना डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. प्रार्थनेनं झालं की पद्धतीनं?"

"दोन्हीनं. हात जोडलेले असले की ओढता येत नाही, डॉक्टर."

"पण मी देव मानत नाही."

"मग खिशात घाला."

संचारबंदी तीन तास उठली तेव्हा आय परळहून गिरगावपर्यंत चालत गेली, धाकट्यांना बघून वेळेत परत आली. आज ती नाही. तिच्यामागे मी तीसेक वर्षं लेबर रूममध्ये काढली आणि एकही पायाळू बाळ ओढलं नाही.

ते हाऊसमन पुढे नावाजलेले ऑनररी झाले. शिकाऊ डॉक्टरांकडून पायाळू केस करून घेताना ते शेजारी उभे राहायचे, दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घालून. पोरांना वाटायचं, ही साहेबांची ऐट आहे.