सासूबाईंचा खल आणि बेसिन

आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर शिवणकाम केलं. आता हात थरथरतात, तरी स्वस्थ बसवत नाही. परवा धुताना दगडी खल हातून सुटला आणि बेसिनला तडा गेला. तेव्हापासून त्या कशालाच हात लावेनात. "मी नुसती नुकसानीला उरले," म्हणायच्या.

देवाच्या दयेने घराच्या विम्यात आम्ही अपघाती नुकसानीचं कलम वेगळं घेतलं होतं. विम्याचा माणूस पाहणीला आला. आईला बोल लागू नये म्हणून हे म्हणाले, "आपोआपच तडकलं हो."

"मग भरपाई नाही. झिजून तडकलेलं आम्ही धरत नाही."

सासूबाई पुढे आल्या. "खोटं कशाला बोलतोस रे? माझ्या हातून खल पडला. चूक माझी."

"आजी, मुद्दाम आपटलात का?"

"मला काय वेड लागलंय?"

"मग हाच अपघात! अचानक, नकळत झालेलं नुकसान. हातून चूक होते, म्हणून तर हे कलम असतं."

सासूबाईंनी डोळे पुसले. "ऐकलंस ना गं? सरक आता, भांडी मी घासते."

ह्यांनी कपाळाला हात लावला. मी मात्र लगेच बाजूला झाले.