बंदूक सरकारची, खांदा आमचा

सुभेदारनाना एसटीत बंदुकांचं तिकीट काढायचे. निवडणूक जाहीर झाली की परवान्यावरची हत्यारं पोलिसांकडे जमा करावी लागतात. तेव्हा नाना आपल्या तिन्ही रायफली जुन्या सोलापुरी चादरींत गुंडाळून एडवणहून पालघरच्या गाडीत चढायचे. कंडक्टर म्हणायचा, "लगेज लावतो." नाना म्हणायचे, "लगेज नाय रे बाबा, ही वडील मंडळी हाय. ज्येष्ठांना अर्धं तिकीट असतं ना? हे तर शंभरीच्या फुडचे. फाड तीन अर्धी." नवा कंडक्टर असला तर वाद व्हायचा, जुना असला तर तो नमस्कार करायचा. एकदा एका बाईंनी खरंच उठून त्या चादरींना जागा दिली आणि नानांनी ती घेतलीही.

नाना कधीच सैन्यात नव्हते, तरी सगळा गाव त्यांना सुभेदार म्हणायचा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथले बिहारकडचे कामगार 'सुभेदार साहब' ऐकून विचारायचे, "कौन सी पलटन में थे, साहब?" नाना उत्तर द्यायचे, "पलटन में परदादा था, दादा था, बाप था. मैं स्टोर में हूँ. नट-बोल्ट चाहिए तो बोलो." त्यात विनोद असायचा आणि थोडं दुःखही. पणजोबा काबूलकडच्या लढाईत गेले ते परत आलेच नाहीत. आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आले. वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून तापानं खंगून परतले, वाडीत सुपारी लावली आणि मुलाला म्हणाले, "तीन पिढ्या सरकारला दिल्या. आता घरात एक मानूस पायजे." नाना घरात राहिले. वडिलांचा शब्द त्यांनी पाळला, पण मनातून ते कधी पलटणीबाहेर पडले नाहीत.

आमची वाडी त्यांच्या वाडीला लागून, मधे कुंपण म्हणून नुसत्या अडुळशाच्या काठ्या. आठवीत असताना मी त्यांना एकदा विचारलं होतं, की तीन पिढ्या लढल्या तर घरात एकही बंदूक कशी नाही? नाना सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "पेन्शनीत गेला की शिपाई बंदूक जमा करून येतो, बाय. बंदूक सरकारची, खांदा आमचा. आजोबाच्या उजव्या खांद्यावर घट्टा होता, तेवडाच त्यानं घरी आणला." आणि मग मला न विचारता त्यांनी मला कामाला लावलं. माझं अक्षर बरं होतं. नानांचे अर्ज मी लिहायला लागले.

हे अर्ज कसले? तर आपल्या घराण्यातल्या माणसांनी ज्या जातीच्या रायफली वाहिल्या, तशाच तीन रायफली मिळवायच्या आणि रीतसर परवान्यावर घरात आणायच्या. या खटाटोपात त्यांची वीस वर्षं गेली. पणजोबांची, म्हणजे एकेक काडतूस घालून खालचा दांडा ओढायची ती, डहाणूकडच्या एका चिकूवाडीच्या मालकाच्या दिवाणखान्यात होती. नाना दर दिवाळीला त्यांच्याकडे सुपाऱ्या घेऊन जायचे आणि बंदुकीकडे बघून परत यायचे. अकराव्या दिवाळीला मालकच कंटाळून म्हणाले, "घेऊन जा बाबा, पण सुपारी बंद करा." आजोबांची मुंबईत दुकान बंद करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे सापडली, वडिलांची जव्हारकडे. तिघींच्याही नळ्या आतून कायमच्या बुजवलेल्या, घोडे कापलेले. त्यांतून गोळी सुटणं शक्यच नव्हतं. पण कागदावर त्या बंदुकाच होत्या, म्हणून परवाना, तपासणी, जमा करणं, सोडवून आणणं, सगळं यथासांग.

"पण नाना, ही आजोबांचीच कशावरून?" मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता रागावणार. म्हणाले, "तीच नसंल. पन तिची बहीन तरी हाय. मावशी घरात आली की आयची आठवन येते का नाय?"  

त्या दिवसापासून घरात त्या बंदुका म्हणून राहिल्याच नाहीत. ओटीवरच्या भिंतीवर खुंट्यांच्या तीन जोड्या होत्या आणि त्यांच्यावर पणजोबा, आजोबा आणि बाबा आडवे पहुडलेले असायचे. काकू, म्हणजे नानांची बायको, आल्यागेल्याला सांगायची, "मी लग्न होऊन आले तवा घरात एकपन सासरा नव्हता. ह्यांनी तीन आणले." दसऱ्याला तिघांना पाटावर निजवून झेंडूची माळ, गंध, अक्षता. नैवेद्याला काहीही चाले, फक्त खजूर नाही. बसऱ्याला आजोबांनी महिनोन्महिने खजुरावर काढले होते, परत आल्यावर त्यांनी जन्मात खजुराला हात लावला नाही. एका वर्षी मी पेढ्यांबरोबर चुकून खजुराची पुडी नेली. नानांनी ती माझ्या हातातून घेतली, बाहेर नेऊन गोठ्यावर ठेवली आणि मग पूजेला बसले. "त्याच्यासमोर नको," एवढंच म्हणाले.

वाडीत वानरांची टोळी उतरली की मात्र खरी मजा. परवानाधारक माणूस म्हणून शेजारीपाजारी नानांकडे धावायचे. नाना गंभीरपणे बाबांची रायफल खांद्याला लावायचे, एक डोळा मिटायचे आणि तोंडानं जीव खाऊन ओरडायचे, "ठो!" वानरं जायची. बंदुकीला घाबरून की नानांच्या आवाजाला, ते त्यांनाच ठाऊक. "परवाना माजा, आवाजपन माजाच," नाना म्हणायचे. त्या 'ठो'च्या जोरावर आमचे चिकू कित्येक वर्षं वाचले.

अर्ज लिहिता लिहिता मी सरकारी नोकरीत लागले यात कुणाला नवल वाटलं नाही. माझं कचेरीतलं मराठी नानांच्या बंदुकांवरच पोसलं गेलं होतं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या ओटीवर बसून लिहिले. पुढे जिल्हा पालघरला आला, फायली ठाण्याहून इकडे आल्या आणि माझी बदली नेमकी परवाना शाखेत झाली. नाना पेढे घेऊन कचेरीत आले. "आता माजी मंडळी तुज्या कपाटात," म्हणाले. मीही फुशारले होते, खोटं कशाला बोलू.

आणि काही वर्षांनी कायदा बदलला. एका परवान्यावर आधी तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. तिसरं वर्षभरात जमा करायचं, नाहीतर दुसऱ्या परवानाधारकाला द्यायचं. नळी बुजवलेली असो की नसो, कागदावर बंदूक ती बंदूक. शाखेतून नोटिसा निघाल्या. नानांची नोटीस मी टाइप केली. दुसऱ्या कुणाला करायला सांगता आली असती, पण वाटलं, आपल्याच हातून जावी. आज वाटतं, कुणाच्या हातून गेली यानं काय फरक पडणार होता?

नोटीस घेऊन नाना माझ्या टेबलासमोर येऊन बसले. पाणी प्यायले, चष्मा पुसला. म्हणाले, "तिघांतला कुनाला पाठवू, तूच सांग." मी नियम सांगितले. घरातल्या कुणी परवाना काढला तर तिसरी त्याच्या नावावर करता येईल. नानांनी मान हलवली. मुलगा बोईसरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, सुनेला भिंतीवर बंदूक नको, नातू लहान. मग ते जरा पुढे झुकले. "घरातलाच पायजे असं नाय ना? मी जितेपनी कुनालापन दिऊ शकतो ना? मग तू काढ परवाना. आजोबाला तू ने. तुला त्याची समदी गोष्ट पाठ हाय."

मी लगेच 'नाही' म्हटलं. एक क्षणही थांबले नाही. माझ्या मिस्टरांना आवडणार नाही, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, सोसायटीत चर्चा होईल, अशी चार कारणं मी भराभरा सांगितली. खरं कारण पाचवं होतं आणि ते मी सांगितलं नाही. परवाना शाखेतल्या बाईनं स्वतःच बंदुकीचा परवाना काढला म्हणून कचेरीत हसतील, याची मला लाज वाटली. नाना हसले. "ऱ्हाऊ दे, बाय. तुला तरास नको." आणि त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मी चिडले असते, भांडले असते आणि शेवटी कदाचित हो म्हणाले असते.

पंधरा दिवसांनी त्यांनी ठरवलं. पाठवायचं ते आजोबांना. मला धक्काच बसला, कारण तिघांत लाडके तेच. मी विचारलं तर म्हणाले, "पनजोबा घरी आलाच नव्हता. त्याला आनायला मला अकरा वर्सं लागली, त्याला परत भायेर काडू? बाबा आजारी होऊन आला होता, त्याला पाठवनार नाय. आजोबा एकदा हत्यार जमा करून आलेला हाय. त्याला सवय हाय." हे सगळं ते इतक्या सरळपणे म्हणाले की मला समजूत घालायला जागाच राहिली नाही.

जमा करायला मी बरोबर गेले. हवालदारानं नंबर लिहिला, दोरीनं चिठ्ठी बांधली आणि रायफल उचलून मुद्देमालाच्या खोलीत कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभी केली. नाना दारातूनच म्हणाले, "साहेब, उभा नका ठेवू. आडवा ठेवा. गुडघ्यात गोळी लागली होती त्याच्या." हवालदार तरुण होता. त्यानं नानांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खालच्या फळीवरच्या फायली सरकवून त्यानं रायफल आडवी ठेवली. त्या पोराचं भलं होवो.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. निवडणुकांना शिव्या घालणारे नाना निवडणुकांची वाट बघायला लागले. आचारसंहिता लागली की उरलेल्या दोघांना जमा करायला जायचं आणि त्या निमित्तानं मुद्देमालाच्या खोलीत डोकावायचं. "ग्रामपंचायतीची कदी लागनार गो?" असा फोन यायचा. पाऊण महिना तिघं एका खोलीत असायचे आणि नाना घरी मोकळ्या भिंतीसमोर बसून काकूला म्हणायचे, "बोलत असतील तिकडे." निकाल लागला की दोघांना आणायचे आणि आजोबांच्या रिकाम्या खुंट्या पुसून ठेवायचे.

गेल्या वर्षी माघात नाना गेले. वाडीत पाणी लावून आले, चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत संपलंही. महिन्याभरानं त्यांचा मुलगा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, हातात दोन्ही रायफली जमा करायचा अर्ज. वाईट मुलगा नाही तो, चारदा डोळे पुसले त्यानं. "ताई, मी कुठं ठेवू सांगा," म्हणाला. मी अर्ज घेतला, पोच दिली. त्याच संध्याकाळी घरी मिस्टरांना सांगितलं की मी परवाना काढते आहे. मला वाटलं होतं वाद होईल. ते म्हणाले, "तेव्हाच का नाही काढलास? मी कधी नको म्हटलं होतं?"

मी रीतसर अर्ज केला. कचेरीत कुणी हसलं नाही. माझं प्रकरण माझ्याच शाखेतल्या, मीच हाताखाली तयार केलेल्या एका मुलाकडे गेलं. आठवड्यानं तो फाइल घेऊन संकोचत आला. 'मयत परवानाधारकाशी नाते' या रकान्यावर त्यानं पेन्सिलीनं खूण केली होती. तिथे मी 'शेजारी' असं लिहिलं होतं.

"मॅडम, हे वारसात बसत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्हीच शिकवलंय मला. आता त्या सरकारजमाच होणार. ते हयात असताना त्यांनी तुम्हाला दिली असती, तर एक तरी राहिली असती."

"दिली होती रे," मी म्हटलं. "मी घेतली नाही."