रेघेपुढे एक पाऊल

वहिनींचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. पहिली पंधरा मिनिटं गुडघे चोळण्यात जायची, मग चहा. पावणेसहाला त्या हृदयविकाराच्या वॉर्डात हजर. त्याच इस्पितळात मी एकतीस वर्षं फरशी पुसली. थोरला भाऊ गेल्यावर वहिनींना तिथे आया म्हणून मीच चिकटवलं होतं.

काम ऐकायला सोपं. ऑपरेशन झालेल्या माणसाला चालवायचं. पण छाती शिवलेला माणूस टाके उसवतील या भीतीने पलंग सोडत नाही. डॉक्टर समजावून थकत. वहिनी समजावत नसत. काल तो जिथे थांबला तिथे त्या फरशीवर खडूने रेघ ओढून ठेवत. दुसऱ्या दिवशी म्हणत, "रेघेपुढे एक पाऊल. दोन टाकलीत तर मी रागवेन." माणूस हसायचा आणि दोन टाकायचा.

रोगी आपापली पावलं चालत. वहिनी सगळ्यांची चालत. बारा पलंग, दिवसाला तीन खेपा.

पहिल्याच आठवड्यात मी त्या रेघा पुसून टाकल्या. डाग दिसला की पुसायचा, एवढंच मला ठाऊक. त्या दिवशी एक म्हातारे मास्तर भिंत धरून कालची रेघ शोधत राहिले. सापडेना, तसे परत जाऊन झोपले. घरी जाताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फरशी चकाचक झाली. मास्तर मात्र पलंगावर." तेव्हापासून मी वॉर्डाच्या त्या बोळात फरशी पुसायचं यंत्र बंद करून, वाकून, रेघा सोडून हाताने पुसायचो. मुकादमाची बोलणी खाल्ली. कंबर गेली ती तिथेच.

चौदा वर्षांनी वहिनींचे गुडघे बोलू लागले. त्यांनी बसून करायच्या कामासाठी अर्ज दिला. चादरी मोजून द्यायच्या खोलीतली बाई निवृत्त होणार होती. जागा तुमचीच समजा, असं कारकून म्हणाला. वहिनींनी खुर्चीसाठी उशीसुद्धा शिवून ठेवली.

त्याच सुमारास बक्षिसाचं पत्र आलं. माणसाच्या सवयी बदलून आजार आटोक्यात आणणाऱ्या डॉक्टरांची एक संघटना आहे. दरवर्षी ती डॉक्टरांना गौरवते. त्या वर्षी एक सन्मान हाताखालच्या माणसांसाठी होता. वॉर्डच्या डॉक्टरांनी वहिनींचं नाव परस्पर पाठवलं होतं. पत्र वाचून दाखवल्यावर वहिनींनी एकच विचारलं, तिथे बसायला असतं का.

नव्हतं. मंचावरच्या खुर्च्या वक्त्यांना पुरल्या. वहिनी सन्मानाची ढाल धरून मागे उभ्या. चार भाषणं झाली. मी मागच्या रांगेतून घड्याळ पाहत होतो. पन्नास मिनिटं. आमच्या वॉर्डचे डॉक्टर चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. खडूचा उल्लेख त्यांनी दोनदा केला.

परतताना बसमध्ये वहिनींनी चपला काढल्या. "आता तरी बसू देतील," म्हणाल्या.

सोमवारी इस्पितळाच्या साहेबांनी पेढ्यासारखं गोड तोंड करून बोलावलं. अर्ज समोरच होता. "बाई, सन्मान मिळालेल्या माणसाला चादरी मोजायला बसवलं तर लोक आम्हालाच हसतील." वहिनी डॉक्टरांकडे गेल्या. तेही म्हणाले, तुमच्याशिवाय वॉर्ड चालायचा नाही. ते खरंच होतं. म्हणूनच त्यावर बोलायला जागा उरली नाही. चादरींची खोली दुसरीला मिळाली. ढाल बोळात टांगली. ती पुसायचं काम माझ्याकडे आलं.

वहिनी आणखी सहा वर्षं चालल्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गुडघा बदलून घेतला. तिसऱ्या दिवशी नर्स उठवायला आली, तर वहिनी उठेनात. दुसऱ्यांना वीस वर्षं उठवलेली बाई पलंगाची कड घट्ट धरून बसली. मी खिशातून खडू काढला आणि पलंगापासून हातभर अंतरावर रेघ ओढली. त्यांनी वाकून तिच्याकडे पाहिलं.

"वाकडी आहे, भाऊजी."

मग उतरल्या आणि रेघेपर्यंत आल्या. पुढे नाही. मी रागावलो नाही.

वीस वर्षांच्या पगारातून जे काही मागे पडलं होतं, ते त्या डाव्या गुडघ्याला लागलं. उजव्याला पुरलं नाही.