माशीची नोंद

माझं काम जखमा वाचायचं आहे, बघायचं नाही. मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रेकॉर्ड विभागात बसून मी डॉक्टरांनी आणि नर्सनी लिहिलेलं वाचते आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक इजेला तिचा ठरलेला कोड देते. छातीवरची जखम हा त्यातला भारी किचकट प्रकार. उजवी की डावी, पुढून की पाठीकडून, आत काही अडकलं होतं का, आणि मुख्य म्हणजे जखम कातडी-स्नायूंवरच थांबली की बरगड्यांच्या आत, पोकळीत शिरली. हे सगळं कळल्याशिवाय कोड पुरा होत नाही. शिवाय जखम कशानं झाली, त्याचा कोड वेगळा. नुसतं ‘छातीला जखम’ एवढंच लिहिलेला कागद आला की माझं डोकं फिरतं.

मग मी डॉक्टरांना चिठ्ठी पाठवते. आपल्या मनानं काही भरायचं नाही, विचारायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. लिहिलं नाही ते घडलं नाही, हा दुसरा. आमचे सर्जन माझ्या चिठ्ठ्यांना प्रेमपत्रं म्हणतात. हसतात, पण उत्तर देतात. माझा स्वभावच उकरून काढायचा. घरीही त्यावरून बोलणी खाते.

त्या वर्षी बेंदूर होऊन दोनच दिवस झाले होते. म्हसवडकडच्या एका म्हाताऱ्याची फाईल टेबलावर आली. आमच्याकडे रुग्ण दाखल असतानाच कागद तपासतात, मागाहून घोळ नको म्हणून. गोठ्यात खुंट्यावर पडून छातीला डावीकडे पुढून जखम, एक्स-रे ठीक, धुऊन टाके घातले, असं लिहिलं होतं. सरळ काम वाटलं. आत काही अडकलं होतं का, एवढंच बघायला मी नर्सची नोंद उघडली. त्या बाईंचं अक्षर सुरेख आणि नजर त्याहून तेज. त्यांनी लिहिलं होतं, ‘जखमेतून लाल ऑइलपेंटचे पापुद्रे काढले.’

खुंट्याला रंग कोण लावतं? मी शेतकऱ्याची पोर. बेंदराला बैलांची शिंगं घासून रंगवतात, हे मला कुणी सांगायला नको. माझ्या वडिलांनाही एकदा बैलानं मारलं होतं आणि ते गावभर ‘बांधावरून पडलो’ म्हणून सांगत फिरले. बैल मारका ठरला की घरातले त्याला दावणीला राहू देत नाहीत, म्हणून मालक दोष स्वतःच्या अंगावर घेतो. पण शिंगाची जखम फार फसवी. वरून तोंड बोटाएवढं, आत ती कुठवर गेलीय ते दिसत नाही. त्यातून माणदेशी खिलार बैलाचं लांब, टोकदार शिंग.

त्या दिवशी चिठ्ठी लिहीत बसले नाही, जिना चढून वॉर्डात गेले. म्हातारा कॉटवर बसून होता, एक हात बरगडीवर दाबलेला, श्वास तोकडा.

“आबा, बैलानं मारलं ना?”

“न्हाई बा. खुंट्यावर पडलो.”

“बेंदराला खुंटापण रंगवता होय तुम्ही?”

त्यानं शेजारच्या कॉटकडं नजर टाकली. मग हळूच म्हणाला, “बारीक बोला, ताई. पोरगं मिल्ट्रीत हाय माझं. मागं बैलानं गड्याला ढुसणी दिली, तवा म्हनलं, परत कुणाला शिंग लावलं तर सुट्टीवर येऊन बाजारात हुबा करतो त्याला. वासरू हुता तवापास्नं म्या संबाळलाय. कागदावर बैल आला की गेला त्यो.”

“आणि तुम्ही गेलात तर?” माझा आवाज चढला. खरंच राग आला होता मला. “मग वैरण कोण टाकणार त्याला?”

“ते बी हायच,” तो म्हणाला.

“मग डॉक्टरांना सगळं सांगा. इथं लिहिलं नाही ते घडलंच नाही असं धरतात.”

मी सर्जनना बोलावलं आणि बाजूला उभी राहिले, कारण माझ्या सांगण्याला त्या कागदावर किंमत नाही. रुग्णानंच सांगायला हवं. त्यानं सांगितलं. सर्जननी छाती पुन्हा तपासली आणि तडक स्कॅनला पाठवलं. जखम पोकळीत शिरली होती, फुप्फुसाभोवती हवा आणि रक्त साचायला लागलं होतं. तासाभरात छातीत नळी घातली. त्या दिवशी प्रेमपत्राचा विनोद कुणी केला नाही.

तीन दिवसांनी वॉर्डातून निरोप आला, म्हातारा कागदवाल्या ताईला बोलावतोय. वर गेले. चांगला तरतरीत दिसत होता, पण रागावलेला.

“म्या सगळं सांगितलं, सायबांनी अर्दंच लिवलं. आवं, गोमाशी चावली हुती त्याला. त्यानं मान झटकली, म्या मदी आलो. त्यानं मारलं न्हाई, लागलं.”

माशीला माझ्याकडे कोड नव्हता; बैलालाही धड नाही, तो आमच्या यादीत ‘इतर सस्तन प्राणी’ एवढाच असतो. पण कारण ते कारण. मी चिठ्ठी पाठवली, ‘इजेचे कारण अपूर्ण. रुग्णाच्या म्हणण्यानुसार गोमाशी चावल्याने बैलाने मान झटकली. कृपया खात्री करावी.’ सर्जन पोट धरून हसले, मग कॉटपाशी जाऊन म्हाताऱ्याला पुन्हा विचारलं आणि ती ओळ स्वतःच्या हातानं लिहिली. ती डिस्चार्ज कार्डावरही आली.

दीड महिन्यानं तो तपासणीला आला तेव्हा जिना उतरून माझ्या खोलीत आला.

“पोरगं आलं हुतं सुट्टीवर. कार्ड दोन डाव वाचलं. म्हनलं, डाक्टरनं लिवलंय म्हंजी मुक्या जनावराचा काय दोष न्हाई. बैल हाय दावणीला.”

मला फार बरं वाटलं. पण स्वभावाला औषध नाही.

“आबा, आता खरं सांगा. माशी होती का?”

त्यानं टोपी नीट केली, कार्डाची घडी खिशात ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

“आवं ताई, लिवलंय न्हवं तुमी?”