भरीत पार्टीत पास झालेलं शेत

मी शेंगदाण्याची चटणी कुटत होते, लेकाचा, तेजसचा डबा भरायचा होता, तेवढ्यात दार धडधडलं. बाहेर शेजारच्या बेबाबाई. पदर खोचलेला, पायात चप्पलही नाही.

"चारू, त्या कोकोवाल्या सायबाले फोन लाव. नीलेश मले नंबर देत न्हाई."

मुक्ताईनगरच्या आमच्या गल्लीत बेबाबाईंना सगळे बिचकतात. नवरा गेल्यापासून केळीची बाग त्यांनीच राखली. उन्हाळी वारा अडवायला पश्चिमेच्या बांधावर शेवरी लावायची, तीही स्वतः उभं राहून. त्यांचा राग मला कधी उगाचचा वाटला नाही.

झालं होतं ते असं. डिसेंबरात नीलेशने, त्यांच्या मुलाने, चॉकलेटसाठी कोको लावून घेणाऱ्या कंपनीच्या साहेबांना शेत दाखवायला बोलावलं. आमच्याकडे पाहुणा शेतावर आला की भरीत पार्टी आलीच. आम्हीही होतो. साहेबांनी सगळ्यांना कार्ड वाटली, तीनदा भरीत वाढून घेतलं, गार सावलीतली ओली माती मुठीत कुस्करली आणि जमीन कोकोला योग्य ठरवली. झाली पाहणी! आता निम्मी केळी उपटून मध्ये कोको लावायचा. सोमवारी ट्रॅक्टर येणार होता.

मी फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, तुमच्या बागेत अगदी कोकणासारखं हवामान आहे," साहेब म्हणाले.

"डिसेंबरात आमच्या गोठ्यातबी कोकण ऱ्हायते! मे महिन्यातल्या झळीनं केयीची पानं फाटतात. तुमचं रोप काय टोपी घालून बसन?"

"केळीची सावली असेल ना."

"अन् घड उतरवून केयी कापल्यावर? तुमी उभे ऱ्हासान का छत्री घेऊन?"

मला हसू फुटलं. बेबाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथंच विरलं.

"केयीचा ट्रक बांधावर येते. तुमच्या बिया कोन नेईन?"

"कंपनी बघेल."

"बघेल! आधी दोन-तीन साल फळाची वाट पाहू, मंग कंपनीची? तवर घर काय खाईन?"

"हे बघा, नीलेशदादा तयार आहेत."

"तो तुमची गाडी पाहून तयार झाला! बाग माह्या नावावर हाये. पन माह्या पोराले माह्यापेक्षा तुमचा शब्द खरा वाटते."

त्यांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. आवाज खाली आला, राग होता तिथंच होता.

"सायेब, मे महिन्यात भर दुपारी या. मोकळ्या वावरात घंटाभर उभे ऱ्हा, मंग ठरवा. तवर माह्या केयीले हात लावू नका, एवढं नीलेशले सांगा."