कडू कसाव्याचं पाणी

"थांब गं!" मी ओरडेपर्यंत माझ्या दोन वर्षांच्या पोरीनं मडक्यात हात घातलेला. कडू कसाव्याचे कंद किसून पिळलेलं पाणी होतं ते, उकळलं नाही तर विषच, आणि मडकं मीच उघडं ठेवलेलं. बोटं तोंडात जायच्या आत मी धरली, धुतली, रडत रडत परत परत धुतली.

सासू म्हणाली, "रडतेस काय बये? शिकव तिला. उद्या तीच पिळणार आहे."

आमच्या ॲमेझॉनच्या जंगलात बाप्ये मासे आणतात, पण कंदातलं हे विष काढून सगळ्यांना त्याची भाकर घालायची ती बायांनीच. खाताना कुणाला भ्या वाटत नाही, एवढा आमच्या हातावर भरवसा. त्याच हातांनी मी मडक्यावर झाकण ठेवलं. पोर पुन्हा मडक्याकडं ओढ घेत होती. तिला लांब न्यावं, का जवळ बसवून दाखवावं? तुम्ही काय केलं असतं?